प्रायोगिक भाकरी

छत्तीस वर्षं एका कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक म्हणून नोकरी केली, आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं मी भोकं बनवली. लोकांना हे पटत नाही. पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत एक बांधकाम ठेकेदार राहतात. त्यांनी एकदा विचारलं, "म्हस्के, तुमच्या लॅबमध्ये बनतं काय नेमकं?" मी म्हटलं, "रिकामी जागा." ते सावरून बसले आणि म्हणाले, "कुठल्या एरियात?"

ही रिकामी जागा काय असते ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच आहे. जस्ताचं मीठ घ्यायचं. त्यात एक आम्ल टाकायचं. आम्लाचे रेणू जस्ताच्या कणांना दोन्ही बाजूंनी धरतात आणि एक सपाट जाळी विणली जाते. अशा जाळ्या एकावर एक नुसत्या पडल्या तर मधे काही उरत नाही. म्हणून तिसरा एक रेणू घालायचा, लांबट, दोन्ही टोकांना पकड असलेला. तो खालच्या जाळीला एका टोकानं धरतो, वरच्या जाळीला दुसऱ्या टोकानं, आणि मधे उभा राहतो. त्याला आम्ही खांब म्हणायचो. खांब उभे राहिले की मजले झाले, मजले झाले की खोल्या झाल्या. त्या खोल्यांत धुराड्यातला वायू कोंडता येतो, हवेतलं पाणी धरता येतं. अशा चिमूटभर भुकटीतल्या सगळ्या खोल्यांच्या भिंती उलगडून पसरल्या तर कॉलेजचं व्हॉलीबॉलचं मैदान झाकलं जाईल, असं आमचे सर पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे आधी भुकटीकडं बघायचे, मग खिडकीतून मैदानाकडं, आणि मग चहा मागायचे.

कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्षात खांब जरा लांब झाला की मजला बसतो. मजला नाहीच बसला तर रिकाम्या खोल्यांत तशीच दुसरी इमारत आपोआप उभी राहते आणि जागा खाऊन टाकते. हे ऐकून ठेकेदार म्हणाले, "आमच्याकडं बी तेच. प्लॉट मोकळा ठेवला की कुणीतरी घुसतंच." रसायनशास्त्र इतक्या लवकर समजलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

दुसरा पाहिला तो तात्या. तात्या म्हणजे रेणुकाचे वडील, आणि रेणुका म्हणजे सरांची संशोधक विद्यार्थिनी, जिच्यामुळं मी हे लिहितोय. ती खुलताबादच्या पलीकडच्या एका खेड्यातली. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. तिचे दोघे भाऊ अजूनही कळप घेऊन फिरतात. ही एकटी शिकत गेली आणि पीएच.डी.ला येऊन अडकली. तात्या महिन्या-दोन महिन्यांनी एसटीनं यायचे, लॅबबाहेरच्या बाकावर बसायचे आणि पोरगी जेवायला बाहेर येईपर्यंत माझ्याशी बोलायचे. एकदा मी त्यांना जाळ्या आणि खांब समजावून सांगत होतो. त्यांनी अर्ध्यातच मला थांबवलं.

"म्हंजी वाघर लावता तुमी."

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं. खुंट ठोकायचे आणि त्यांच्या आधारानं जाळं उभं करायचं, की आत कळपाला जागा होते. मी म्हटलं, "व्हय तात्या, वाघरच. फक्त मेंढराच्या जागी वायू."

"मग खुंट उभं ऱ्हायलं का?"

"अजून नाय."

"सोपं नसतं त्ये," तात्या म्हणाले. त्यानंतर दर वेळी आल्या आल्या ते एवढंच विचारायचे, "उभं ऱ्हायलं का?" आणि मी म्हणायचो, "अजून नाय."

आता आमची कामाची पद्धत. डीएमएफ नावाचा एक द्रव असतो. त्याला शिळ्या मासळीसारखा वास येतो. त्यात जस्त, आम्ल आणि खांब विरघळवायचे आणि ते सगळं पोलादी डब्यात घट्ट बंद करायचं. त्या डब्यांना आम्ही कुकर म्हणायचो. ते शहागंजात रशीदभाईंच्या लेथवर बनायचे. रशीदभाईंनी त्यांत काय शिजतं हे कधी विचारलं नाही, फक्त "शिट्टी क्यों नै लगाते?" एवढंच दर वेळी विचारलं. कुकर ओव्हनमध्ये नव्वद अंशांवर तीन दिवस ठेवायचे, मग ओव्हन बंद करून हळूहळू निवू द्यायचे. या तीन दिवसांत ओव्हनचं दार कुणी उघडायचं नाही. आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं कौशल्य म्हणजे दार न उघडणं. कुकर उघडल्यावर तळाशी पांढरी भुकटी मिळाली तर ते वाया गेलं. साखरेच्या दाण्याएवढा एक अख्खा स्फटिक मिळाला तर जिंकलो, कारण तो हैदराबादच्या एका संस्थेत क्ष-किरणाखाली धरला की आत खांब उभे आहेत का आडवे, ते दिसतं. भुकटीवरून तसं छातीठोक सांगता येत नाही.

आणि आता माझा गुन्हा सांगतो.

मला एक वाजून दहा मिनिटांनी भूक लागते. मला गार भाकरी उतरत नाही. विभागात गॅस होता, पण तो विद्यार्थ्यांच्या बर्नरचा. त्यावर डबा ठेवला तर दहा जण बघणार. संशोधनाच्या खोलीतला ओव्हन मात्र कोपऱ्यात होता, चोवीस तास तापलेला होता, आणि एक ते दोन सगळे जेवायला बाहेर असायचे. मी डब्यात ज्वारीच्या दोन भाकरी, पिठलं आणि लसणाची चटणी घेऊन यायचो. कुकर जरा बाजूला सारून मधे डबा ठेवायचो. दार पूर्ण लावलं तर पिठल्याच्या वाफेनं काच ओली व्हायची आणि चोरी कळली असती, म्हणून दार बोटभर उघडं ठेवायचो. पंचवीस मिनिटांत भाकरी अशी मऊ व्हायची की बस. ज्या ओव्हनमध्ये डीएमएफ तापतं त्यात आपण जेवण ठेवत होतो, हे आज लिहितानासुद्धा अंगावर काटा येतो. तेव्हा मात्र मी स्वतःला हुशार समजत होतो.

रेणुका आठवड्यातून दोनदा कुकर लावायची, सोमवारी आणि गुरुवारी. गुरुवारचा आग्रह सरांचा. सर विद्वान माणूस, परदेशात शिकून आलेले, पण कुठलंही काम गुरुवारी सुरू केलं तर बिघडत नाही यावर त्यांची श्रद्धा होती. सोमवार रेणुकानं स्वतःच्या सोयीनं घेतला होता. गंमत अशी की गुरुवारच्या कुकरमधून कायम भुकटी निघायची, आणि सोमवारच्या कुकरमध्ये हळूहळू चमकणारे कण दिसायला लागले. ते दर खेपेला मोठे व्हायला लागले. सर म्हणाले, "शेवटी सोमवार महादेवाचा." श्रद्धा तीच ठेवून त्यांनी देव बदलला.

त्याच दिवसांत एका बुधवारी दुपारी रेणुकानं ओव्हनशेजारी उभं राहून नाक फेंदारलं. "सर, इथं लसणासारखा वास येतो."

मी फरशी पुसत होतो. जोरात पुसायला लागलो.

सर आले, त्यांनी वास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. रसायनशास्त्रात लसणाचा वास फार गंभीरपणे घेतात. फॉस्फरसची काही संयुगं तशी वास मारतात. सरांनी वहीत नोंद केली: लसणासारखा स्पष्ट वास, जस्ताच्या जुन्या बाटलीत फॉस्फरसची अशुद्धी असावी. मला हसू येत होतं आणि घामही फुटत होता. बोलावं असं एकदा वाटलं. पण वासानं काय होतंय, असं म्हणून गप्प बसलो. आयुष्यात पुष्कळ वेळा गप्प बसून माझं भलं झालं होतं.

मग पहिला मोठा स्फटिक आला. रेणुकानं तो कुपीत ठेवून स्वतः हैदराबादला नेला. वाटेत झाकण सैल झालं, द्रव उडून गेला, आणि मशीनपाशी पोचेपर्यंत स्फटिकाला तडे गेले. खोल्यांतला द्रव एकदम निघून गेला की खांब असे कोसळतात. परत आल्यावर ती मला म्हणाली, "मामा, हरकत नाही. आता येतो म्हटल्यावर पुन्हा येईल." मीही म्हणालो, येईल की.

आणि नेमकी तपासणी समिती आली. विभागात सुरक्षा समन्वयक नेमा, असा शेरा तिनं मारला. सर्वांत जुना माणूस म्हणून सरांनी मला नेमलं. पहिलं काम म्हणून मी संगणकावर मोठ्या अक्षरांत पाटी काढली, लॅमिनेट केली आणि ओव्हनवर चिकटवली: "ओव्हनमध्ये अन्नपदार्थ ठेवू नयेत. हुकूमावरून." खाली माझी सही. आता स्वतःच्या सहीखाली स्वतःची भाकरी कशी ठेवणार? इतका बेशरम मी नव्हतो. दुसऱ्या दिवसापासून गार भाकरी खायला लागलो आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

त्या दिवसापासून स्फटिक यायचे बंद झाले.

सोमवारी भुकटी, गुरुवारी भुकटी. रेणुकानं कुकर धुतले, पुन्हा धुतले, आम्ल बदललं, द्रव बदलला. सरांनी वही काढली आणि त्यांच्या लक्षात आलं, की जस्ताची जुनी बाटली त्याच आठवड्यात संपली होती आणि नवी शुद्ध बाटली उघडली होती. झालं. नव्या बाटलीला लसणाचा वास नव्हता. सरांनी फळ्यावर लिहिलं: अशुद्धी हीच खरी किमया. आणि शुद्ध जस्तात मुद्दाम फॉस्फरसची संयुगं घालायला सुरुवात झाली. आधी एक थेंब, मग दोन, मग वेगळं संयुग, मग वेगळं प्रमाण. लॅबला असा वास सुटला की शेजारच्या प्राणिशास्त्रवाल्यांनी तक्रार केली. ती तक्रार सुरक्षा समन्वयक म्हणून माझ्याचकडं आली.

असे पाच महिने गेले. मला भाकरीचा आणि स्फटिकाचा संबंध अजून लागला नव्हता, हे खरं. पण लसूण माझा होता हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हेही खरं. एक वाक्य बोललो असतो तर त्या पोरीचे पाच महिने वाचले असते. पाटीवरच्या सहीची लाज वाटत होती म्हणून मी ते बोललो नाही.

रेणुकाची नोंदणी संपत आली होती. शेवटची मुदतवाढ मिळून गेली होती आणि आता तीन महिने उरले होते. त्यात स्फटिक आला नाही तर सात वर्षांचं काम पाण्यात. ती बोलेनाशी झाली. तात्या आले, बाकावर बसले. त्या दिवशी त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

"मामा, आमची मेंढी पाच म्हयन्यात विती," ते म्हणाले. "ह्ये तुमचं सात वरसं झालं तरी पोटातच हाय. पोरगी घरी आली की जेवत नाय. नुसती भिंतीकडं बघू ऱ्हायली. नसंल व्हत तर नाय म्हना की. आमी काय तिला बोल लावनार नाय."

मी म्हटलं, कुकरच गळत असतील, आजच बघून घेतो. आणि चारही कुकर पिशवीत घालून शहागंज गाठलं.

रशीदभाईंनी एकेक कुकर उजेडात धरला, आतून बोट फिरवलं, आटे तपासले. मग पिशवी माझ्या हातात परत दिली. "मियाँ, डब्बे में खोट नै. खोट तुमारे में है. पैले क्या करते थे सो अब नै करते, वो सोचो."

तो गुरुवार होता. गुरुवारी माझा उपवास असतो. परत येऊन मी लॅबच्या स्टुलावर राजगिऱ्याचा लाडू खात बसलो. समोर भिंतीवर रेणुकानं तक्ता लावला होता. सगळ्या खेपा, स्फटिक आला तिथं हिरवी खूण, भुकटी आली तिथं लाल. सोमवार हिरवा, गुरुवार लाल, सोमवार हिरवा, गुरुवार लाल, आणि पाटी लागल्यापासून सगळंच लाल. मी लाडू खात बघत होतो. सोमवारी लावलेल्या कुकरला सोम, मंगळ, बुध अशी तीन जेवणं मिळायची. गुरुवारी लावलेल्याला गुरुवारी माझा उपवास, शनिवारी अर्धा दिवस म्हणून मी घरी जेवायचो, रविवारी सुट्टी. म्हणजे त्याला मिळायचा फक्त शुक्रवारचा डबा. आणि पाटी लागल्यावर कुणालाच काही नाही.

मी लाडू खाली ठेवला. इतके दिवस सर ज्याला गुरूचा आणि महादेवाचा महिमा समजत होते, तो माझा उपवास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेणुकाला एकटीला गाठून सांगितलं. डबा, ओव्हन, एक वाजून दहा मिनिटं, बोटभर उघडं दार. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही.

"पाच महिने, मामा," ती म्हणाली.

"चुकलो पोरी."

"डब्यात काय असायचं?"

"भाकरी. आन् पिठलं."

एवढंच म्हणालो. चटणी तोंडापर्यंत आली होती, ती गिळली. कारण सरांनी त्या फॉस्फरसवर दोन ठिकाणी भाषणं दिली होती, आणि माझ्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. म्हटलं, आता कशाला. गाडी रुळावर आली तेवढं बस्स.

रेणुकाचं डोकं मात्र लगेच कामाला लागलं. दार उघडं ठेवलं की तापमान वीस-पंचवीस अंश उतरतं, डबा काढून दार लावलं की पुन्हा चढतं. चढताना बारीक कण विरघळतात, उतरताना तोच माल मोठ्या कणांवर जाऊन बसतो. दररोज असं झालं की लहानांच्या जिवावर मोठा वाढत जातो. "म्हणजे भाकरीचा काही संबंध नाही," ती म्हणाली. "दाराचा आणि गार वजनाचा आहे. भाकरीच्या जागी वाळू ठेवली तरी चालेल."

पण हे सरांना सांगणं भाग होतं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं, माझ्यावर रागावलेही नाहीत. शास्त्रज्ञाचं डोकं वेगळंच चालतं. ते म्हणाले, "वेळ उरलेला नाही. आता काहीही बदलायचं नाही. मूळ पद्धत जशीच्या तशी. डबा तोच, वेळ तीच, भाकरी ज्वारीचीच. आणि फॉस्फरसही राहू दे. डब्यानं स्फटिक वाढतो, फॉस्फरसनं तो सुरू होतो."

रेणुकानं माझ्याकडं बघितलं. मी ओव्हनकडं बघितलं.

मग जे सुरू झालं ते माझ्या छत्तीस वर्षांत झालं नव्हतं. माझ्या डब्याला नंबर पडला आणि तो उपकरणांच्या यादीत चढला. पाटीखाली सुधारणा चिकटवावी लागली: "प्रायोगिक भाकरी वगळून." खाली पुन्हा माझी सही. रोज भाकरीचं वजन घ्यायचं ठरलं. आमचा सूक्ष्म तराजू दाण्याच्या तुकड्याचंही वजन सांगतो, पण भाकरीपुढं त्यानं हात टेकले. तिच्यातली वाफ निघून जात होती आणि शेवटचे आकडे सारखे उतरत होते. अर्धा तास तीन माणसं त्या भाकरीकडं बघत उभी होती. शेवटी सर म्हणाले, "साधारण लिहा."

आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती भाकरी खाता येत नव्हती. सुरक्षा समन्वयक या नात्यानं मीच तसा नियम केला. ओव्हनमधून निघालेली मऊ, गरम भाकरी मी स्वतःच्या हातानं घातक कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकायचो आणि दुसऱ्या डब्यातली गार भाकरी खायचो. हे घरी कळल्यावर आमच्या मंडळींनी परात आपटली. "अन्न टाकून देता? माझ्या हातची भाकरी?" मी म्हटलं, "अगं, संशोधन आहे." ती म्हणाली, "मग संशोधनाला सांगा, खाऊन घे म्हणावं." पण त्या पोरीचं नाव काढल्यावर गप्प बसली, आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे दोनाऐवजी चार भाकऱ्या थापायला लागली. गुरुवारचा उपवासही मला तेवढ्यापुरता मोडावा लागला. म्हणजे उपवास माझा चालूच होता, डबा तेवढा येत होता.

तिसऱ्या सोमवारी लावलेला कुकर उघडला तेव्हा आत साखरेच्या दाण्याहून मोठे तीन स्फटिक होते. स्वच्छ, धारदार कडांचे. रेणुका स्टुलावर बसली आणि ओढणीत तोंड घालून रडली. या वेळी हैदराबादला मी सोबत गेलो. स्फटिक त्यांच्याच द्रवात ठेवून कुपीला मेण लावलं, कापसात गुंडाळली आणि उपकरण म्हणून नोंदलेल्या त्या डब्यात घालून रात्रभर मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या प्रवाशानं तीनदा विचारलं, "काका, जेवून घ्या की."

संस्थेतल्या पडद्यावर चित्र आलं. जाळी, खांब, जाळी, खांब. सगळे सरळ उभे. मी तात्यांना फोन लावला, पण ते कळपामागं होते, फोन लागला नाही.

प्रबंध वेळेत गेला. मौखिकीला बाहेरून एक परीक्षक बाई आल्या, बारीक चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. तात्या धुतलेलं पागोटं बांधून मागच्या रांगेत बसले होते, मी त्यांच्या शेजारी. माझ्या निवृत्तीला तीन आठवडे होते. निरोप समारंभात माझ्या शिस्तीवर सर बोलणार होते.

खांब, जाळ्या, तापमान, सगळं सुरळीत झालं. डब्याला प्रबंधात "धातूचं भांडं, सेंद्रिय पदार्थासह" असं म्हटलं होतं. बाई त्यावरून पुढं गेल्या. मग त्यांनी फॉस्फरसची पानं उघडली.

"तुमच्या पहिल्या चांगल्या स्फटिकांच्या तपासणीत फॉस्फरस कुठंच नाही. मग तो होता असं कशावरून म्हणता?"

रेणुका म्हणाली, "वहीत नोंद आहे. लसणासारखा वास."

"फक्त वास?"

"हो, मॅडम."

बाईंनी पान मिटलं. "आधार नसलेला निष्कर्ष घेऊन मी हा प्रबंध मान्य करू शकत नाही. परत पाठवावा लागेल."

परत म्हणजे संपलं. मुदत उरलेली नव्हती. सर खाली बघत होते. ती मागं वळून माझ्याकडंही बघत नव्हती, कारण तिला ठाऊकच नव्हतं की उत्तर माझ्याकडं आहे. मी उभा राहिलो.

"मॅडम, तो वास लसणाचाच होता."

"आपण कोण?"

"मी म्हस्के. प्रयोगशाळा सहायक आणि सुरक्षा समन्वयक. ते जे धातूचं भांडं आहे, तो माझा जेवणाचा डबा. त्यात लसणाची चटणी असायची. फॉस्फरस कधीच नव्हता. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. या पोरीचा यात काही दोष नाही."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. दोन भाषणं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली असावीत. परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं.

"तीळ घातलेली चटणी की शेंगदाणे?"

"नुसती मिरची-लसूण, मॅडम."

बाईंचे खांदे हलायला लागले. त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला, तरी हसू आवरेना, आणि मग सगळं सभागृह सुटलं. हसू ओसरल्यावर त्यांनी फॉस्फरसची तीनही पानं पेनानं आडवी छेदली आणि म्हणाल्या, "ही काढा. खऱ्या पद्धतीचं एक पान लिहा, डब्या-दारासकट. बाकी काम उत्तम आहे. मान्य."

एवढ्या गोंधळात तात्यांना काहीच उमगलं नव्हतं. लोक आधी गप्प झाले, मग हसले, एवढंच त्यांनी पाहिलं. ते उठले आणि मागच्या रांगेतूनच त्यांनी मोठ्यानं विचारलं, "पोरी, उभं ऱ्हायलं का?"

रेणुकानं पडद्यावर पुन्हा ते चित्र लावलं. खांब दाखवले.

"ऱ्हायलं, तात्या."

तात्यांनी बराच वेळ बघितलं. "खुंट सरळ हायेत," ते म्हणाले आणि खाली बसले.

माझ्या निरोप समारंभात सर शिस्तीवर बोलले नाहीत. नारळ दिला, शाल दिली, माझ्या तब्येतीवर दोन मिनिटं बोलले. माझी तक्रार नाही. रेणुका आता दुसऱ्या शहरात संशोधन करते, तिथं तिच्या ओव्हनचं दार घड्याळावर आपोआप उघडतं. पण ते पाच महिने मी तिला परत देऊ शकत नाही, आणि ती भेटली की मला ते आधी आठवतात.

प्रबंधाची बांधलेली प्रत तिनं मला घरी आणून दिली. ती गेल्यावर मी आभाराचं पान उघडलं आणि मंडळींना मोठ्यानं वाचून दाखवलं. "म्हस्के मामांनी खरं सांगितलं, म्हणून त्यांचे आभार. उशिरा सांगितलं, म्हणून अर्धेच."

मी पुस्तक मिटलं. मंडळी पाट्यावर चटणी वाटत होती. तिनं हात थांबवला नाही.

"मग उरलेले अर्धे माझे," ती म्हणाली. "लसूण कुणी सोलला व्हता?"